माझ्याच कातरीनं कापलेलं कार्ड

ती कातर मी अजून टाकलेली नाही. शिवणाच्या डब्यात आहे. तिनंच ब्लाउज बेतते, तिनंच दोरे कापते. पण हातात घेतली की दर वेळी डोकं फिरतं. त्या मेल्याला ती मीच आतून आणून दिली होती. वर प्रेमानं म्हटलं, "धार बरी आसा हां पुता, बोट सांभाळ."

पुता म्हटलं मी त्याला! कोकमाचं सरबत दिलं, जत्रेतलं खाजं ठेवलं होतं पाव्हण्यासाठी, ते दिलं. आणि त्यानं माझ्या सोप्यावर बसून, माझ्याच कातरीनं, माझ्या डोळ्यांसमोर मला लुटलं. आता सांगते तर माझा आवाज चढतो. चढू दे. पुष्कळ दिवस मी खालच्या आवाजात सांगत होते, जसा काही गुन्हा मीच केला होता.

आधी ते कार्ड माझ्यासाठी काय होतं ते सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारी एका प्लास्टिकच्या तुकड्यासाठी एवढी का पेटते.

माझं माहेर हळर्णचं. चौथीपर्यंत मराठी शाळा, पुढे शेत. बाकीचं जे काय वाचायला-लिहायला येतं ते माझं मी शिकले, वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून, नंतर पेपरातून. लग्न करून डिचोलीकडे आले, सुर्ल्याच्या वाटेवरच्या गावात. इथं जमीन तांबडी, पाणी तांबडं, वाळत घातलेले कपडेही तांबडे. घरोघरी खाणीवरचे ट्रक. आमच्या ह्यांनी पहिला ट्रक घेतला तेव्हा गोव्याला राज्याचा दर्जा मिळून फार दिवस झाले नव्हते. खाणीवरून नदीतल्या बार्जीपर्यंत खनिजाची माती वाहायची, दिवसाला जेवढ्या ट्रिपा बसतील तेवढ्या मारायच्या. जुना ट्रक खिळखिळा झाला तेव्हा नवा घेतला, पण आकडा जुनाच मागून घेतला, जादा पैसे भरून. कारण आमच्या भागात आकडा म्हणजेच माणूस. एकाच वाड्यावर एकाच नाव-आडनावाचे चौघे असतात. मग कुठला तो? अमक्या आकड्याचा. लग्नपत्रिकेवरसुद्धा आमच्या नावापुढे कंसात ट्रकाचे चार आकडे लिहून आलेले मी पाहिलेत. ह्यांना नावानं हाक मारलेली मला आठवत नाही. आणि मी त्या आकड्याची बायको.

ट्रक कागदावर माझ्या नावे होता, तसा पुष्कळ बायकांच्या नावे असायचा. मी सह्या करायची, एवढंच. खाणी जोरात होत्या त्या दिवसांत बँकवाल्यांनी देवळाच्या मंडपात टेबलं मांडून ट्रकवाल्यांना क्रेडिट कार्डं वाटली. ट्रक माझा म्हणून कार्डही माझ्या नावाचं आलं. आलं ते थेट ह्यांच्या खिशात गेलं. हे गेले तेव्हा शर्टाच्या खिशातून विडीच्या बंडलाबरोबर ते कार्ड निघालं. तोवर मी कधी दुकानात स्वतः पैसे दिले नव्हते हो. साडी हवी तर विचारायचं, चप्पल तुटली तर दाखवायची.

त्या कार्डावर मी पहिल्यांदा घेतला तो मिक्सर, फोंड्याला. देवदर्शनाला गेले होते, बसस्टँडजवळ दुकान दिसलं, आत शिरले. दुकानदारानं विचारलं, "मावशी, घरात विचारून येणार?" मी म्हटलं, "घर म्हणजे मीच." मशीनमध्ये आकडा दाबला, कागद बाहेर आला, संपलं. कोणी विचारलं नाही का घेतला, केवढ्याला घेतला. येताना बसमध्ये खोका मांडीवर घेऊन बसले होते. महिन्याच्या महिन्याला बिल मी स्वतः भरायची, कोकमं न् शिवणाच्या पैशांतून. तर असं होतं ते कार्ड.

आता तो दिवस. खाणी दुसऱ्यांदा बंद पडून ट्रक अंगणात उभा होता. मुलगा आखातात नोकरीला. मे महिना, कोकमाच्या रातांब्यांचे ढीग पडलेले. सकाळी दहाच्या सुमाराला स्कूटर थांबली. गळ्यात ओळखपत्र, हातात फाईल, शर्ट खोचलेला. पाय पुसून सोप्यावर आला. पाय पुसणारा माणूस वाईट असेल असं मला वाटलंच नाही, बघा.

"काकी, तुमचें घर सोदून सोदून थकलो," म्हणाला, अगदी आमच्याच बोलीत. "दुकानार नांव विचारलें तर कोणाक कळना. मागीर एकट्यान ट्रकाचो नंबर सांगून घर दाखयलें."

मी हसले. मला त्यात मोठेपणाच वाटला. म्हटलं, "आमकां सगळे त्याच आकड्यान वळखतात रे. आता ट्रक उबो आसा, पूण नांव चलता."

त्यानं बँकेचं पत्र दाखवलं. त्यावर माझं नाव, कार्डाचे शेवटचे आकडे, सगळं बरोबर. हे त्याला कुठून मिळालं? पुढे पोलीस म्हणाले, अशा याद्या विकत मिळतात. विकत! आमची नावं बाजारात बांगड्यांसारखी विकतात आणि आम्हालाच सांगतात सांभाळून राहा.

त्याचं म्हणणं असं, की आता नुसतं टेकवलं की चालतं असं नवं कार्ड आलंय. जुनं बाद. जुनं तुमच्यासमोर कापायचं आणि तुकडे पुरावा म्हणून बँकेत न्यायचे. मी विचारलं, "आणि आकडो? गुपीत आसता तो?"

तर त्यानं दोन्ही हात वर केले. "ना काकी, ना! तो म्हाकाय सांगूं नाकात. बँकेच्या सायबान विचारलो तरी सांगूं नाकात. आयज लोक खूब फटयतात."

आता सांगा. अशा माणसावर कोण संशय घेईल? मी मनात म्हटलं, आईबापांनी चांगलं वळण लावलंय. आणि कातर आणायला आत गेले.

त्यानं कार्ड आडवं कापलं. सावकाश, शिंपी कापड बेततो तसं. दोन तुकडे झाले, मला दाखवले, पाकिटात घातले. कार्डावर तो पिवळा चौकोन असतो ना, नखाएवढा, त्याला त्यानं धक्काही लावला नव्हता. सगळा जीव त्या चौकोनात असतो हे मला काय ठाऊक? दोन तुकडे चिकटपट्टीनं जोडले की कार्ड मशीनमध्ये चालतं. मी समजत होते कापलं म्हणजे मेलं.

जाताना बंद पाकीट दिलं. "नवें कार्ड. फाल्यां धा वरांनी उगडात, आयज उगडलें तर चालू जावचें ना." मी ते देवाजवळ ठेवलं. हसू नका. आमच्याकडे नवी वस्तू आधी देवाकडे जाते. ट्रकाची चावी गेली होती, मिक्सरच्या हमीपत्राचा कागद गेला होता, तसं हेही. वर जास्वंदीचं फूल ठेवलं, कुंकू लावलं. त्या चोराच्या पाकिटाला मी कुंकू लावलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन जनेलावर, खिडकीत, ठेवून मी रातांबे फोडत होते. फोन दोनदा वाजून थांबला. हात लाल, म्हटलं नंतर बघू. हात धुऊन चष्मा लावला तर बँकेचे इंग्रजीत मेसेज. अक्षर अक्षर लावून वाचले. म्हापशाचं दुकान. एकदा टीव्ही, एकदा दोन मोबाइल. मी तर घरात बसलेली! धावत देवाजवळ गेले, पाकीट फोडलं. आत कुठल्या तरी कपड्यांच्या दुकानाचं सवलतीचं कार्ड. तेही मुदत संपलेलं.

कार्ड बंद करायला कुठे फोन करायचा? तो नंबर कार्डाच्या पाठीवर असतो. कार्ड कुठे? चोराकडे. कोणत्या शहाण्यानं हे ठरवलं, की चावी हरवल्यावर काय करायचं ते चावीवरच लिहून ठेवावं? शेजारणीकडे त्याच बँकेचं कार्ड होतं, तिच्याकडे धावले, तिच्या कार्डावरून नंबर घेतला. फोनवर मशीन बोलायला लागलं, हिंदीसाठी हे दाबा, इंग्रजीसाठी ते दाबा. आमच्या गावात मराठी की कोंकणी म्हणून भावाभावांनी बोलणं सोडलं होतं एके काळी. माझ्या दिरानं आणि ह्यांनी दोन वर्षं एका पंगतीत जेवण घेतलं नाही. आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा त्या मशीनला दोन्हींतली एकही येत नव्हती. हिंदीत सांगितलं मी कसंबसं, "भैया, बंद करो, चोर लेके गया." तोवर तिसऱ्या दुकानात कार्ड घातलंच होतं त्यानं. ते तेवढं अडलं.

त्याच दुपारी बँकेत गेले. मॅनेजर तरणा, बाहेरचा, सभ्य. त्यानं कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"मॅडम, दोन्ही वेळा गुप्त आकडा पहिल्याच फटक्यात बरोबर दाबलाय. म्हणजे तुम्ही तो सांगितलाय."

"सांगितला नाही."

"कोणाला तरी सांगितलाच असेल. आठवून बघा. वयोमानानं होतं असं."

वयोमानानं! माझ्या मुलाच्या बारशाला कोण जेवून गेलं ते मी सांगू शकते. म्हटलं, "सायबा, मी आकडा सांगितला नाही. चोरानंच मला बजावलं होतं सांगू नका म्हणून." तो हसला. त्याचं हसणं मला त्या चोरीपेक्षा लागलं. तुम्ही कळवायच्या आधीचं सगळं तुमच्या अंगावर, म्हणाला. घराकडे माणूस आला तेव्हा एक फोन बँकेत करायचा होता, बँक कार्ड न्यायला कधी माणूस पाठवत नाही. मी म्हटलं, हे कार्ड वाटताना मंडपात का नाही सांगितलं? तेव्हा तुमची माणसं सरबत पीत बसली होती.

पणजीला जाऊन सायबर पोलिसांत तक्रार दिली. तिथल्या बाईनं नीट लिहून घेतलं, पण तिनंही विचारलं, "आजी, नक्की कोणाला सांगितला नाही?"

आणि मुलगा. तो तर फोनवरच सुरू झाला.

"आई, तें कार्ड आतां बंद. नवें घेवूं नाका. तुका लागता तें म्हाका सांग, हांव धाडटां."

"मी आकडो सांगूंक ना रे."

"बरें, ना सांगूंक. पूण आतां पुरे. ह्या वयार कित्याक जाय तुका कार्ड?"

त्याचं प्रेम आहे, मला कळतं. पण 'लागता तें सांग' हे मी तीस वर्षं ऐकलं होतं. आधी नवऱ्याकडून, आता मुलाकडून. एका चोरामुळे माझं सगळं परत मागे जायचं? मी फोन ठेवला, आणि ठरवलं, आकडा त्याला कसा कळला ते कळल्याशिवाय मी गप्प बसणार नाही. ते कळलं नाही तर मी आयुष्यभर विसराळू म्हातारीच राहणार, आणि विसराळू म्हातारीच्या हातात कोणी कार्ड देत नाही.

आठ दिवस मी सगळ्यांवर संशय घेतला, हेही सांगून टाकते. शेजारणीवर घेतला. दुकानदारावर घेतला. मिक्सर बघायला आलेल्या माझ्या सख्ख्या नणंदेवर घेतला. त्या मेल्यानं पैसे नेले ते नेले, आणखी हे करायला लावलं.

मग तो दुपारचा प्रकार. आमच्याकडे मे महिन्यात वाड्यावरच्या बायका मिळून रातांबे फोडतात, आज हिच्या घरी, उद्या तिच्या. त्या दिवशी माझ्याकडे होत्या, सात-आठजणी. ऊन फार, म्हणून आम्ही अंगणात ट्रकाच्या सावलीत चटया टाकल्या. ट्रक नाहीतरी सावलीपुरताच उरला होता. टपावर मी सोलं वाळत घालायची.

"काय गो, अजून त्याच रागांत?" एकीनं विचारलं.

"मरेपर्यंत त्याच रागात," मी म्हटलं.

"आगो, तुज्याच तोंडांतल्यान खंय तरी गेलो आसतलो आकडो. तूं उलयता थोडें?"

सगळ्या हसल्या. मी सुरी उगारली, आणि तिच्याकडे बघता बघता माझी नजर तिच्या डोक्याच्या वर गेली. ट्रकाच्या मागच्या फाळक्यावर. वीतभर उंचीचे चार आकडे, पिवळ्या रंगात, भोवती वेलबुट्टी काढलेली. पुढे काचेवर तेच. दोन्ही दारांवर तेच. ह्यांनी दर दसऱ्याला रंगवून घेतलेले.

माझ्या कार्डाचा गुप्त आकडा.

त्याला सांगायची गरज काय होती? तो सोप्यावर ट्रकाकडे तोंड करून बसला होता. दुकानावर त्याला लोकांनी आकडा सांगूनच माझं घर दाखवलं होतं. आणि मी? 'आमकां सगळे त्याच आकड्यान वळखतात' म्हणून त्याच्यापुढे मिरवत होते. माझं गुपित मी अंगणात दिव्यासारखं लावून ठेवलं होतं. त्यानं मला आकडा सांगू नका म्हणून बजावलं, कारण त्याला तो वाचता येत होता.

पहिल्यांदा राग आला तो माझा मला. मग मी बायकांकडे बघितलं. हसणं थांबलं होतं. एक खाली बघत होती, दुसरी रातांब्यातली बी नखानं उगाच उकरत होती.

मी म्हटलं, "ज्यांच्या कार्डाला ट्रकाचा आकडा आहे, त्यांनी हात वर करू नका. उद्या सकाळी बँकेत चला, एवढंच."

ती मघाची, मला टोमणा मारणारी, हळूच म्हणाली, "गो, म्हाका आकडो सुचना म्हणून त्या बँकेच्या मनशानच सांगिल्लें. मशीनीकडे रांगेंत आशिल्लीं मगो आमी? 'काकी, ट्रकाचोच घालात, विसरपाची भीत ना' म्हणालो."

"माकाय तेंच सांगिल्लें," दुसरी म्हणाली. ती मूळची दोडामार्गाकडची. "आमच्या घोवान तर माळ्यार चुन्यानय लिवन ठेवलां."

मला लख्ख आठवलं. कार्ड ह्यांच्या खिशात जायच्या आधी आकडा घालायला मलाच नेलं होतं, पैशांच्या मशीनकडे. बँकेचा तो माणूस मशीनच्या दाराशी उभा, रांगेत आम्ही सगळे, आणि तो एकेकाला तेच सांगतोय. त्याचं काम लवकर संपावं म्हणून! आणि आता त्याच बँकेचा मॅनेजर मला विचारतो, कोणाला सांगितलात?

दुसऱ्या दिवशी आम्ही सातजणी बँकेत. मशीनपुढे रांग लागली, रखवालदार घाबरला, त्याला वाटलं मोर्चा. मी मॅनेजरच्या टेबलापुढे उभी राहिले. बसा म्हणाला, बसले नाही.

"सायबा, तुमच्याच माणसानं सगळ्या गावाला हा आकडा ठेवायला सांगितला. आम्ही ऐकलं ती आमची चूक. ती मी मान्य करते. पण मी आकडा सांगितला नाही. तेवढं तुम्ही मान्य करा."

तो म्हणाला लेखी द्या. लेखी दिलं, माझ्या अक्षरात, दोन पानं. पैसे मिळाले नाहीत. ते दोन खरेद्यांचे पैसे मी हप्त्याहप्त्यानं भरले, अजून दात खाऊन सांगते. चोरही सापडला नाही. पण काउंटरवरची आमच्याच भागातली मुलगी उठून बाहेर आली, मशीनशी उभी राहिली, आणि एकेकीला सांगत होती, "आकडो म्हाका दाखयनाकात, म्हजेकडेन पाट करात." मग तिनं बँकेचा नंबर आम्हाला कागदावर लिहून दिला. माझा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. नवं कार्ड मी तिथेच मागितलं. खर्चाची मर्यादा माझी मी लहान ठेवली, परदेशातली खरेदी बंद करून घेतली. मला कुठे जायचंय परदेशात.

चवथीसाठी मुलगा रजेवर आला. माझ्या पाकिटात नवं कार्ड बघून तोंड वाकडं केलं. दुसऱ्या दिवशी गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधून झाल्यावर जवळ येऊन बसला. मी शिवणाचा डबा काढला होता. चोराच्या पाकिटातलं ते दुकानाचं मुदत संपलेलं कार्ड अजून डब्यात होतं. ते घेऊन मी कातरीनं त्याचे बारीक तुकडे केले, हाताला सवय असावी म्हणून. आता माझं स्वतःचं कार्ड बाद होईल तेव्हा पिवळ्या चौकोनातूनच कातर घालणार, तीही मीच.

"आई," म्हणाला, "कार्ड दवर तूं. पूण आकडो म्हाका सांगून दवर. तुका बरें ना जालें तर?"

"बरें ना जालें तर तुज्या पैशांनी वखद हाड. आकडो सांगचें ना."

"म्हाका? पोटच्या भुरग्याक?"

"त्या चोरानं सांगितलंय, कोणाक सांगूं नाकात. एवढी एकच गोष्ट खरी सांगून गेला तो."

त्याला हसू आलं, पण हट्टाला पेटला. अंदाज सुरू केले. बाबांचं जन्मसाल? नाही. घराचा नंबर? नाही. ट्रकाचा उलटा? बऱ्या डोक्याचा निघाला, पण नाही. मग आवाज बदलून, "म्हजो जल्मदीस?"

"ना."

तोंड उतरलं त्याचं. त्याला वाटलं होतं, आईचा आकडा म्हणजे आपलाच असणार. मी दोरा दातानं तोडला. आणखी दोन-तीन आकडे बोलून बघितले त्यानं, मग अंगणातल्या ट्रकाकडे बघत बसला. फाळक्यावरचे चार आकडे तसेच होते. ते मी पुसलेले नाहीत. ते आमच्या ह्यांचे.

पोटचा मुलगा हरला म्हणून कुठल्या आईला बरं वाटतं? मला वाटलं.